घट

जांभळी नाक्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमची भट्टी.
गाव विट्याकडचं. आमच्याकडं पोरगं नापास झालं की गलाईला जातं,
पास झालं तरी जातं.
एकोणीस वर्षं मी ठाण्यात सोनं आटवतो.

आलेला डाग आधी उघडायचा.
पोकळ असला की आतून लाख निघते,
कधी दोरा, कधी साबणाचा थर.
एकदा लॉकेटातून कुणाचंतरी जावळ निघालं.
मालक म्हणाले, जाळ.
जाळलं. तो वास दुपारच्या डब्यापर्यंत हटला नाही.
मग हिशेब : लाख वजा, मळ वजा, घट वजा.
घट म्हणजे काय, गिऱ्हाईक विचारतं.
आगीत जातं ते, मी सांगतो.

टिपणीस बाई शनिवारी येतात, चरईतून, चालत.
पाटबंधारे खात्यातून रिटायर.
मेलेल्यांच्या आठवणीचे दागिने जमवतात, मोडीपेक्षा दोन पैसे जास्त देऊन.
त्यांच्याकडं साहेबाच्या काळातली पिन आहे :
काचेखाली पिंगट केसांची वेणी, नखाएवढी,
मागं कोरलेलं, एमिली, वय चार.
एक अंगठी आहे, तिच्यावर थडग्याशी ओणवी बाई, वर झाड,
आणि रंग म्हणजे
मेलेल्या नवऱ्याचे केस, बारीक कुटून.
तुमची कोण ही एमिली?
कुणीच नाही, बाई म्हणाल्या, म्हणून तर सांभाळायची.
नेरूळला एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांनाही हाच नाद.
महिन्यातून एकदा जमतात, चहा होतो,
टेबलावर परक्यांची सुतकं मांडून बसतात.

आपल्याकडं असलं काही नव्हतंच ना,
त्या एकदा हळहळल्या.
मी चिमट्यात मूस धरली होती.
गप्प राहिलो.

परवा मोडीत एक टाक आला.
दिव्याचा पोरगा, घाईत, नाव सांगेना.
रुपयाएवढा, वर उभी बाई,
डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, वरच्या कडेला कडी.
कडी नसलेला टाक देव्हाऱ्यातला.
कडीवाला गळ्यातला.

सवत, मी म्हणालो.
थोरली मेली की धाकटीच्या गळ्यात थोरली घालतात, बाई.
नाहीतर ती दूध आटवते, पोरं रडवते.

माझ्या आईच्या गळ्यात होती. तानूबाई.
आई आधी तिला कुंकू लावायची, मग स्वतःला.
नवं लुगडं आधी तिला टेकवायची.
वडलांशी भांडण झालं की त्यांच्याशी बोलायची नाही,
टाक मुठीत धरून म्हणायची, बघितलंस ना गं?
मी कुशीत झोपलो की ती गालाला टोचायची.
माझ्या दोन आया होत्या, एक गार होती.

आई गेली तेव्हा मी भट्टीवर नवा.
मामा म्हणाले, नदीत सोड.
वडील म्हणाले, हात बसायला घे.
अर्धा तोळा. घट जरा जास्त आली.
मालक म्हणाले, कुंकू असेल.

हे सगळं बाईंना सांगितलं नाही.
फक्त एवढंच : घालायची असेल तर आधी कुंकू.
त्या हसल्या.
माझं लग्नच झालं नाही रे,
ही माझी सवत कशी होईल?

मला उत्तर आलं नाही.
काळ्या दोऱ्यात ओवून दिली.
म्हणालो, टोचेल. टोचू द्या.

रात्री फरशी झाडली.
केर आम्ही टाकत नाही, डब्यात भरून ठेवतो.
महिनाअखेरीस झारेकरी नेतो, धुतो, पाखडतो,
आणि काहीतरी निघतंच.
गिऱ्हाइकाला हे कुणी सांगत नाही.